अंतरा इंजेक्शनने पाळी खरंच थांबते का? देवगडकडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही उत्तर समजावं म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुमचं वय ३६, दोन मुलं, धाकटा नऊ वर्षांचा. पाळी आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस गाठी पडतात, दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ८.६. पहाटे बंदरावर लिलावाला उभं राहायचं, मग टोपली घेऊन टमटमने बाजार गाठायचा, आणि दोन्हीकडे धड शौचालय नाही. एका दवाखान्यात सांगितलं, ‘पिशवी काढून टाका.’ आरोग्य खात्याच्या आशाताई म्हणाल्या, अंतरा घे, ते दर तीन महिन्यांनी टोचायचं गर्भनिरोधक इंजेक्शन, पाळीच जाईल. सासूबाई म्हणतात, रक्त आत साठून पोट फुगेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, गणपतीच्या आत बंद होईल का?

मी सिंधुदुर्गात २७ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. हे इंजेक्शन मी शेकडो बायकांना दिलंय आणि स्वतःही पावणेदोन वर्षं घेतलंय. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

तुम्ही पाळी थांबेल का असं विचारलंत, पण माझ्या मनात आधी येतं ते हे की इतकं रक्त जातंय कशामुळे? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की आम्ही त्याला अतिरक्तस्राव म्हणतो. घरी कोणी मोजत बसत नाही, पण गाठी पडणं, दोन तासांच्या आत पॅड भिजणं, रात्री उठून कपडे बदलावे लागणं आणि तुमचं ८.६ हिमोग्लोबिन हे सगळं मिळून उत्तर स्पष्ट आहे. कारण न शोधता इंजेक्शन टोचणं म्हणजे कौल कुठला फुटलाय ते न बघता खाली बादली ठेवणं.

तेव्हा पहिलं काम तपासणीचं. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन पोटाची सोनोग्राफी, थायरॉइडची रक्ततपासणी, रक्तदाब, लघवीची गर्भधारणा चाचणी आणि एकदा आतून तपासणी एवढं करून घ्या. फायब्रॉइडची गाठ पिशवीच्या पोकळीतच डोकावत असेल, तर नुसत्या इंजेक्शनवर भागेल याची खात्री देता येत नाही. थायरॉइड कमी असेल तर त्याच्या गोळीनेच पाळी बरीच सावरते. पिशवीचं अस्तर तिच्या भिंतीत शिरून भिंत जाड झाली असेल, ज्याला अॅडिनोमायोसिस म्हणतात, तर इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो. आणि दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर कारण कळेपर्यंत इंजेक्शन घ्यायचंच नाही. म्हणजे पुढचं सगळं या रिपोर्टवर अवलंबून आहे. ते बरे आले असं धरून मी पुढे लिहिते.

आता सासूबाईंची शंका. ती मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. ‘बाय माझ्या, रगात भुतूर साठान रवला तर?’ त्यांना हसू नका, शंका रास्त आहे. दर महिन्याला वाहणारं वाहायचं थांबलं तर ते गेलं कुठे, हे कोणालाही वाटेल. मी त्यांना खळ्याचं उदाहरण देते. पावसाळा संपला की आपण खळ्यात माती घालतो, चोपण्याने चोपतो, सारवतो. पुढच्या पावसात तो थर वाहून जातो. पिशवीचं तसंच आहे. दर महिन्याला बीजकोषातून बीज बाहेर पडतं, पिशवीच्या आत मऊ अस्तर तयार होतं आणि गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्ताबरोबर गळून जातं. इंजेक्शनातलं औषध आहे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, आपल्या शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं. ते बीज बाहेर पडू देत नाही आणि अस्तर जाड होऊ देत नाही. माती घातलीच नाही तर पावसात वाहून जाणार काय? आत काही साठत नाही, पोट त्यामुळे फुगत नाही. हे समजलं की बहुतेक सासवा तिथेच मान डोलावतात.

पण पाळी थांबते म्हणजे दुसऱ्या दिवशी नळ बंद केल्यासारखी नव्हे. तुमच्या प्रश्नातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तो आशाताईंनी सांगितलेला दिसत नाही. पहिले तीन महिने, कधीकधी सहा, थेंब-थेंब रक्त कधीही दिसतं. चार दिवस कोरडे, मग दहा दिवस डाग, मग तीन दिवस बऱ्यापैकी, मग पुन्हा कोरडे. अस्तर पातळ आणि नाजूक झालेलं असतं, ते मधूनमधून इथे-तिथे सुटतं, म्हणून असं होतं. वर्षभर नेमाने इंजेक्शन घेतलेल्या बायकांपैकी साधारण निम्म्यांची पाळी पूर्ण थांबते आणि दोन वर्षांनंतर साधारण तिघींतल्या दोघींची. उरलेल्यांना अधूनमधून थोडं दिसत राहतं, पण पूर्वीसारखा भडभडून रक्तस्राव बहुतेकींना होत नाही.

माझंच सांगते. २००६ साली मी ३७ वर्षांची होते. दोन मुलं झालेली, पाळीला रक्त खूप जायचं, हिमोग्लोबिन ९.२. दिवसाला दोन-तीन सिझेरियन, कधी सलग चार तास टेबलापाशी उभी. ऑपरेशन थिएटरच्या कपाटात माझा जादा परकर आणि साडी कायम ठेवलेली असायची. सगळ्या तपासण्या करून पहिलं इंजेक्शन घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल पेन्सिलने खुणा करायचे, डाग दिसला तर ठिपका, पॅड लागलं तर फुली. पहिल्या तीन महिन्यांत ३८ दिवसांवर खुणा होत्या. म्हणजे इंजेक्शन घेण्याआधीपेक्षा जास्त दिवस! फरक एवढाच की फुल्या फक्त सात होत्या, बाकी सगळे ठिपके. दुसऱ्या इंजेक्शननंतर २१ दिवस, तिसऱ्यानंतर सहा. त्यापुढचं कॅलेंडर कोरं. दहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं होतं आणि मी जिना चढताना धापा टाकत नव्हते. वजन मात्र तीन किलो वाढलं, आणि पहिले दोन-तीन महिने संध्याकाळी विनाकारण उदास वाटायचं. ते पुढे कमी झालं. सात इंजेक्शनं झाल्यावर मी थांबवलं, त्याचं कारण पुढे येईल.

ते ठिपके मला जड गेले नाहीत, कारण काय होणार ते मला माहीत होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मात्र एका बाईंच्या बाबतीत माझी चूक झाली. वाडीतून आलेली, पंचविशीची बाई. तिला मी एवढंच सांगितलं की पाळी बंद होईल. तिच्या घरी पाळीत बाजूला बसायची पद्धत. डाग सुरू झाले ते थांबेचनात. ती ५२ दिवस पडवीत निजली, वेगळ्या ताटात जेवली, चुलीला हात लावायला मिळाला नाही. ऐन लावणीचे दिवस होते, घरात माणसं कमी, आणि सगळा दोष तिच्यावर. ती मला परत भेटली तेव्हा काही बोलली नाही, फक्त म्हणाली, ‘तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी घेतलंच नसतं.’ औषधाने तिला काही इजा झाली नव्हती. मी न सांगितल्यामुळे झाली होती. तेव्हापासून पहिल्या तीन महिन्यांचं सांगितल्याशिवाय मी सिरिंज हातात घेत नाही.

आपल्या देशात या इंजेक्शनांविषयी जी भीती आहे तिचं मूळही तेच आहे. १९८६ साली स्त्री संघटनांनी नेट-एन नावाच्या अशाच एका इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. आंध्र प्रदेशातल्या एका आरोग्य केंद्रात बायकांना आपल्यावर चाचणी होते आहे याची नीट कल्पनाच दिलेली नव्हती, ही त्यांची तक्रार. तो राग मला पूर्ण पटतो. तुम्हाला दिलं जाईल ते औषध वेगळं आहे. १९९३ पासून त्याला भारतात परवानगी आहे आणि २०१७ पासून सरकारने ते ‘अंतरा’ या नावाने मोफत द्यायला सुरुवात केली. पण कुठलंही इंजेक्शन असो, विचारून, समजून आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवून घ्यायचं.

तर ताई, तुमच्या घरी डागाला काय मानतात ते आधी बघा. बाजूला बसायला लावत असतील तर सुरुवात करण्याआधी सासूबाईंना बरोबर घेऊन या. ही पाळी नाही, औषधाचा डाग आहे, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की पुष्कळ घरांत ऐकतात. बाईला बाजूला बसवणं मला स्वतःला अजिबात मान्य नाही, पण त्या घरात राहायचं तुम्हाला आहे, म्हणून हे व्यवहाराचं सांगते.

आता वेळ कधीची धरावी? तुम्ही मच्छीविक्रीत आहात म्हणून मला एक सोय दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. लिलाव नाही, पहाटेची धावपळ नाही, माणूस बराचसा घरात. सुरुवातीचे डागाचे दोन-तीन महिने त्या काळात गेले तर तुम्हाला सोसायला सोपं. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत मासळी विकणाऱ्या ज्या बायका मला विचारतात त्यांना मी हेच सांगते. मेअखेरीपर्यंत तपासण्या उरका आणि त्यानंतर जी पाळी येईल तिच्या पहिल्या सात दिवसांत इंजेक्शन घ्या. तेव्हा घेतलं की त्याच दिवसापासून गर्भही राहत नाही. मध्येच कधी घेतलं तर आधी गर्भ नसल्याची खात्री करावी लागते आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो.

गणपतीचं मात्र वचन देत नाही. जूनमध्ये सुरू केलंत तर चतुर्थी पहिल्या इंजेक्शनच्या शेवटाला किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला येते, म्हणजे डाग असण्याची शक्यता भरपूर. तुमच्या मनात यंदाचे गणपतीच तेवढे असतील तर त्यासाठी तीन महिने टिकणारं औषध घेऊ नका. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी हा वेगळा उपाय आहे. ती पाळीच्या तारखेच्या निदान तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ऑगस्टमध्ये आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून बायका ती न विचारता नेतात, ते मला काळजीचं वाटतं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ती घ्यायची नाही. आणि तुमच्यासारखं हिमोग्लोबिन कमी असेल तर पुढे ढकललेली पाळी जोरात आली म्हणजे त्रास वाढतो. डॉक्टरांना विचारूनच घ्या. इंजेक्शन सुरू असताना तीच गोळी मनाने वर घेऊ नका.

इंजेक्शन कसं देतात ते साधं आहे. १५० मिलिग्रॅमची छोटी कुपी, दंडात किंवा कुल्ल्यावर खोल टोचतात. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं आणि पुरत नाही. आपल्याकडे सवय अशी की सुई निघाली रे निघाली की हात चोळायला जातो, तेवढा आवरा. पहिला डोस डॉक्टरांनी तपासूनच द्यायचा, पुढचे सिस्टर देतात. दर तीन महिन्यांनी तारीख, ती कार्डावर लिहून मिळते. पावसात साकव पाण्याखाली गेला, एसटी आली नाही, म्हणून घाबरू नका. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत घेतलं तरी चालतं. त्याहून उशीर झाला तर मात्र आधी गर्भधारणेची चाचणी.

त्रासाचंही लपवत नाही. वजन पहिल्या वर्षात सरासरी दोन-अडीच किलो वाढतं, काहींचं अजिबात नाही, काहींचं जास्त. डोकेदुखी, उदासी, संबंधाची इच्छा कमी होणं, हे सगळ्यांना होत नाही, पण होतं. आणि एकदा टोचलं की तीन महिने ते शरीरातून काढता येत नाही, हा गोळीत आणि यात मोठा फरक. हाडांमधलं कॅल्शियम इंजेक्शन चालू असेपर्यंत थोडं कमी होतं आणि बंद केल्यावर बहुतांशी भरून येतं. अमेरिकेत २००४ साली याचा ठळक इशारा औषधाच्या वेष्टणावर छापायला लावला. मी दोन वर्षांच्या आत थांबवलं ते त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटना १८ ते ४५ वयात सरसकट दोन वर्षांची मर्यादा घालत नाही, तरीही मी दर दोन वर्षांनी पुन्हा बसून विचार करायला लावते. तोवर नाचणीची भाकरी, काट्यासकट खाता येणारी मांदेली, जवळा हे ताटात असू द्या. फ्रान्समधल्या २०२४ च्या एका अभ्यासात वर्षाहून जास्त काळ हे इंजेक्शन घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हा आजार मुळात विरळा आहे, पण सतत डोकं दुखणं किंवा नजर बदलणं असं काही झालं तर लगेच दाखवायचं.

तुम्हाला पुढे मूल नकोय, म्हणून तुमच्यापुरता हा मुद्दा नाही, पण वाचणाऱ्या लहान बहिणींसाठी सांगते. इंजेक्शन बंद केल्यावर गर्भ राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण दहा महिने, काहींना त्याहून बरेच जास्त. माझी स्वतःची पाळी नऊ महिन्यांनी परत आली. कायमचं वांझपण येत नाही. गुप्तरोगांपासून आणि एचआयव्हीपासून यात संरक्षण नाही, त्याला निरोधच. स्तनाचा कर्करोग झालेल्या, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या, यकृताचा गंभीर आजार किंवा खूप वाढलेला रक्तदाब असलेल्या बाईने हे घ्यायचं नाही.

पिशवी काढण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. ३६ व्या वर्षी, सोनोग्राफीसुद्धा न करता, पहिला उपाय म्हणून पिशवी काढायला मी सांगणार नाही. आपल्या भागात ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे फार सहज बोललं जातं. त्याआधी इंजेक्शन आहे. हार्मोनची तांबी आहे, ती पिशवीत बसवतात, काही वर्षं टिकते आणि रक्तस्राव कमी करण्यात माझ्या अनुभवात इंजेक्शनपेक्षा सरस ठरते. खर्च परवडत असेल तर तुम्हाला मी आधी तिचाच विचार करायला सांगेन. आणि जास्त रक्त जाणाऱ्या तीन-चार दिवसांपुरती ट्रानेक्झॅमिक अॅसिडची गोळी आहे, जिच्यात हार्मोन नाही.

हिमोग्लोबिनसाठी मात्र थांबू नका. लोहाच्या गोळीने पोट जड होतं म्हणून तुम्ही सोडलीत असं लिहिलंय. एक दिवसाआड घेऊन बघा, चहापासून दोन तास दूर, लिंबूपाण्याबरोबर. तरीही सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते रुग्णालयात मिळतं. पाळी कमी झाली की रक्त आपोआप भरेल असं धरून बसलात तर वर्ष जाईल.

इंजेक्शन घेतल्यावर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, किंवा चक्कर येते, छाती धडधडते, तर तारखेची वाट न बघता या. नुसतेच डाग लांबले आणि जीव कंटाळला तर पाच-सात दिवसांच्या औषधाने ते बहुधा आवरता येतात, तेही सहन करत बसायची गरज नाही.

या आठवड्यात सोनोग्राफी आणि थायरॉइड तेवढं करून घ्या आणि आलेले आकडे इथे लिहा. इंजेक्शन घ्यायचं ठरलंच तर भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने लाल पेन्सिल बांधून ठेवा, डागाला ठिपका, पॅडला फुली. दुसऱ्या तारखेला डॉक्टरांकडे जाताना ती तीन पानं बरोबर न्या. दुसरं इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे त्या खुणा बघून ठरवता येईल.